लिनो, वाकळ आणि कापडी पुस्तक : जानेवारीत प्रदर्शन आहे, जाणकारांचा सल्ला हवाय

उलटी_अक्षरं

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरला असते, छापचित्रं करते. मुख्य काम लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून केलेला ठसा) आणि लाकडी ठसा, अधूनमधून जस्ताच्या पत्र्यावर एचिंग, म्हणजे रसायनानं पत्रा खाववून रेघा कोरणं. घरामागच्या पडवीत स्टुडिओ आहे, म्हणजे एक लहान एचिंग प्रेस, शाई पसरायला जाड काच आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाळत घालायच्या दोऱ्या. इतकी वर्षं दोऱ्यांवर कागद असायचे, गेलं दीड वर्ष कापड असतं, आणि त्याच कामाचं जानेवारीत इथेच प्रदर्शन आहे. दोन महिने हातात आहेत पण काही गोष्टी सुटता सुटत नाहीयेत म्हणून हा धागा काढलाय.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. ठसा पुसायला मी आईच्या जुन्या सुती पातळाचे तुकडे वापरते. एका रात्री काम अर्धवट टाकून झोपले, तो तुकडा शाई लावलेल्या लिनोवर तसाच राहिला आणि त्यावर शाईचा डबा ठेवला गेला. सकाळी उचलला तर त्यावर ठसा उमटलेला, आणि असा ठसा मला कागदावर कधी मिळाला नव्हता. कागदावर शाई वर बसते, इथे ती सुतात शिरली होती, कडा जराशा विरघळल्यासारख्या, आणि पातळ जिथे विरलं होतं तिथे ठशाच्या आरपार माझीच बोटं दिसत होती. तीस वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड ते.

मग काय, उत्साहात बाजारात गेले आणि दहा मीटर मांजरपाट आणला. तोच ठसा, तीच शाई. छापताना सुरेख आला. तीन आठवडे वाळू दिला (आषाढ होता, आमच्याकडच्या पावसात जवसाच्या तेलाची शाई लवकर वाळत नाही) आणि धुवायला घातला तर बादलीत पाण्यावर काळी साय. पापुद्रा सुटावा तसा ठसा सुटला. आईच्या पातळावरचा मात्र सात धुण्यांनंतरही जागचा हललेला नाही. हे असं का होतं?

सध्या तीन प्रकारचं काम चालू आहे. एक म्हणजे कापडावर छापणं. दुसरं म्हणजे कापडानं छापणं, आणि यात मला जास्त मजा येतेय. सॉफ्ट ग्राउंड (दाबलं की ठसा घेणारा मऊ थर) लावलेल्या पत्र्यावर खणाचा तुकडा ठेवून प्रेसमधून काढायचा, मग पत्रा मोरचूद-मिठाच्या पाण्यात खायला ठेवायचा, खणाचं एकेक सूत पत्र्यावर कोरलं जातं. (मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळतो, द्राक्षवाले बोर्डोसाठी नेतात तोच. नायट्रिकच्या वाफा पडवीत नको म्हणून मी यावर आले.) तसंच एक पार फाटलेली वाकळ, म्हणजे गोधडी, होती, तिचा तुकडा बोर्डावर चिकटवून वर चपड्याचे (लाखेचे) दोन हात दिले, शाई भरून पुसली आणि ओल्या हातकागदावर छापली. धावदोऱ्याचा प्रत्येक टाका उमटला. आमच्याकडे वाकळ शिवताना कडेनं सुरू करून आत आत येतात, ते सगळे फेर कागदावर दिसतात, मध्ये जिथे शिवणारी उठली आणि दुसरी बसली तिथे टाक्याची लांबी बदललेलीसुद्धा कळते! आईनं बघितल्या बघितल्या सांगितलं, हा टाका माझा, हा आत्याचा.

तिसरं म्हणजे पुस्तक. गल्लीतल्या आणि नात्यातल्या बायकांकडून त्यांचं एकेक जुनं पातळ मागून घेतलं, त्याचंच पान केलं, एका बाजूला लिनोचा ठसा आणि दुसऱ्या बाजूला त्या पातळाबद्दल तिनं सांगितलेलं एकच वाक्य. "हे बारशाला घेतलं. बारसं त्याचं, पातळ मला." किंवा "लेकीचा दहावीचा रिझल्ट बघायला हेच नेसून गेले." अशी सोळा पानं, आवृत्ती पंचवीस प्रतींची. वाक्यं शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या टाइपांनी, छापायची आहेत. जवळचा एक प्रेस बंद झाला तेव्हा खिळे किलोवर भंगारात निघाले होते, त्यातल्या दोन केस (खिळे ठेवायचे खणाखणाचे ट्रे) मी उचलल्या. पण बारीक टाइप कापडावर गचका होतो, ध चा घ दिसतो.

आणि प्रदर्शनाचं म्हणाल तर मला हे काचेमागे लावायचं नाहीये. कापड लोकांनी हातात घ्यावं, उलटं करून बघावं, पुस्तक मांडीवर घ्यावं. सोबतच्या दोघी चित्रकार मैत्रिणी म्हणतात की मग ते चित्र राहत नाही. मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं? शाई, टाइप, टांगणी, आवृत्तीचा नंबर कुठे घालायचा, ज्याला जे माहीत आहे ते सांगा.

सायझिंगवाला

ताई, दोष शाईचा न्हाई, कापडाचा हाय. मी इचलकरंजीचा, घरात यंत्रमाग, त्यामुळं हे रोजचं. मागावर उभं सूत तुटू नये म्हणून त्याला आधी सायझिंग करतात, म्हणजे स्टार्चची पेस्ट चढवतात, हल्ली त्यात बाकीची केमिकलं पण असत्यात. मागावरून उतरतं ते ग्रे कापड. तुमचा मांजरपाट म्हणजे तेच. तुम्ही सुतावर छापलंच न्हाई, पेस्टवर छापलं. पाण्यात पेस्ट फुगून सैल झाली, तिच्यावरचा ठसा सुटला. आईंच्या पातळातली पेस्ट पहिल्या वर्षातच निघून गेलीय.

निस्तं पाण्यात खळबळून पेस्ट निघत न्हाई बरं का. प्रोसेसला, म्हणजे कापड धुऊन तयार करणाऱ्या कारखान्यात, एन्झाइम वापरतात. घरात करायचं तर कापड पाण्यात बुडवून एक दोन दिवस ठेवायचं, जरा आंबट वास यायला पाहिजे, म्हणजे स्टार्च फुटला. मग धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळायचं, कापसाचं स्वतःचं मेण असतं ते पण निघतं. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब गोळी होऊन बसला तर परत उकळा, टाकल्या टाकल्या पसरला तर कापड तयार.

उलटी_अक्षरं

दादा, थेंबाची परीक्षा आत्ता केली. मांजरपाटावर थेंब मोत्यासारखा बसून राहिला, पातळावर टेकला आणि गेला. दीड वर्ष मी शाईला बोल लावत होते! बादलीत भिजत घातलंय.

बडोदेकरीण

मस्त धागा. मी मूळची बडोद्याची मराठी, आमच्याकडे छापचित्रांचं वातावरण जुनं, फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची आणि १९९९ पासून 'छाप' हा सगळ्यांसाठी खुला स्टुडिओ आहे. छोट्या प्रकाशनाचं म्हणशील तर इथून १९६९ ते ७३ 'वृश्चिक' नावाचं मासिक निघायचं, गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर काढायचे, त्यात कलाकारांचे लिनोकट असायचे. म्हणजे मासिक विकत घेतलंस तर हातात चित्रच आलं. तू करतेयस ते त्याच वाटेवरचं वाटतंय.

पण माझं म्हणणं वेगळंय. कापडावर शाई कशाला छापायची? आपल्याकडे कापडावर रंग छापतच नाहीत, रंग धरणारं मीठ छापतात! राजस्थानातलं बगरू बघ, कच्छमधलं अजरखपूर बघ, दोन्ही ठशांच्या छपाईची गावं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवायचं, पिवळसर होतं. मग लोखंडाचा कस खळीत घालून ठसा मारायचा. हा कस म्हणजे गंजकं लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात पंधरा-वीस दिवस आंबवायचं. खळ चिंचोक्याच्या पिठाची शिजवून. ठसा मारताना फिकट राखाडी दिसतो आणि डोळ्यांसमोर काळा होत जातो, कारण हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड तिथल्या तिथे धाग्यातच एक होतात. लाल हवा असेल तर तुरटी छापायची आणि मंजिष्ठ किंवा अलिझरीन या लाल रंगात उकळायचं, तुरटी जिथे असेल तिथेच लाल चढतो. धुऊन जायला वर काही बसलेलंच नसतं.

पाणी मात्र बघ. कच्छमधल्या धमडक्याच्या छपाई करणाऱ्या खत्रींनी २००१ च्या भूकंपानंतर अजरखपूर वसवलं त्याचं एक मोठं कारण पाणीच, धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं होतं. लोह असलं की लाल काळवंडतो. आणि हिरडा आणताना बाळहिरडा आणू नकोस, तो औषधाचा. मोठा पिकलेला आण, आठळी काढून साल कुटायची. शंभर ग्रॅम कापडाला पंधरा-वीस ग्रॅम पूड पुरते.

उलटी_अक्षरं

बडोदेकरीण, तुम्ही तर माझी झोप उडवलीत. हिरडा आमच्या भागात मिळतोच आणि चिंचोक्याची खळ आजी वह्यांना कव्हरं घालायला करायची, तीच छापायच्या कामाची असेल हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. एक शंका, लिनोवर हा पातळ कस टिकेल का? लिनो काही शोषत नाही, तुमचे ठसे सागाचे किंवा शिसवीचे असतात.

बडोदेकरीण

बरोबर धरलंस, लिनोवर तो घरंगळतो आणि मोठ्या भरीव भागात डाग डाग येतात. दोन उपाय. एक तर भरीव भाग कमी ठेव, रेघांवर काम कर. नाहीतर लिनोच्या वरच्या पातळीवर वॉटरप्रूफ गोंदाचा पातळ हात देऊन लोकरीचा बारीक भुसा भुरभुरव आणि वाळू दे, मग ती पातळी कस धरते. जुन्या घोंगडीचा कातरलेला भुसा चालेल. आणि खळ जरा घट्ट ठेव, चमच्यावरून दोरी पडली पाहिजे. टेबलावर गोणपाट, त्यावर जुनं ब्लँकेट, त्यावर कापड टाचून घे आणि मुठीनं ठोक, प्रेस नको.

जुनं_ते_जपू

मी कापड आणि कागद यांच्या जतनाचं काम करते, त्यामुळे दुधात मिठाचा खडा टाकते, राग मानू नका.

उलटी_अक्षरं, जवसाच्या तेलाची शाई हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि हे वाळणं पुढे अनेक वर्षं चालूच राहतं. त्यात जी आम्लं तयार होतात ती कापसाचा धागा ठिसूळ करतात. तैलचित्रवाले कॅनव्हासला आधी सरस किंवा प्रायमर देतात ते याचसाठी, तेल थेट सुताला लागू नये म्हणून. पण बडोदेकरीण, लोखंडाचा काळासुद्धा निर्दोष नाही. संग्रहालयातली जुनी छापील कापडं बघा, लाल, निळा शाबूत असतो आणि काळ्या रेघा जिथे होत्या तिथे कापड कुजून नुसत्या रेघेच्या आकाराची भोकं उरलेली असतात. लोखंड धाग्याला खातं. दमट हवेत लवकर.

म्हणून मी काय करीन : पुस्तकात जी पातळं आधीच विरलेली आहेत त्यांच्यावर मोठा काळा भरीव भाग मुळीच छापणार नाही, रंग म्हणून तुरटीचा लाल. आणि विरलेल्या पानामागे तलम मलमल लावून कडेनं टाके घालीन, गोंद नाही. गोंद पुढे पिवळा पडतो आणि कापड तिथेच दुमडून तुटतं.

बडोदेकरीण

हे मान्य आहे. कस जास्त तेज झाला की होतंच. म्हणूनच छापल्यावर भरपूर वाहत्या पाण्यात धुवायचं, जास्तीचं लोखंड कापडात राहू द्यायचं नाही.

ट्रेडल७२

बाळ, शिशाचे खिळे भंगारातून उचललेस याबद्दल तुला मनापासून आशीर्वाद. मी सांगलीत चव्वेचाळीस वर्षं प्रेस चालवला, लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळीत एखादा अंक. शेवटी आमच्या केस गेल्या तेव्हा मी बघायला थांबलो नव्हतो.

आता कामाचं. कापडावर अक्षर गचकतं ते टाइप लहान म्हणून हे अर्धं कारण, पॅकिंग मऊ ठेवतेस हे दुसरं. कापड आहे म्हणून मागे फेल्ट घातलं असशील. ते काढ. कापड स्वतःच मऊ आहे, मागे कडक पुठ्ठा आणि दोन-तीन गुळगुळीत कागद, एवढंच. शाई कमी, रोलर दोनदा कोरडा फिरव. टाइप २४ पॉइंट घे, १८ च्या खाली जाऊ नकोस, आणि ध-घ, भ-म अशा जोड्या असलेली ओळ आधी कागदावर काढून भिंगाखाली बघ, त्या खिळ्यांचा मुखडा झिजलेला असेल तर तो खिळा बाजूला टाक. कापड सरळ राहावं म्हणून त्याला कडक खळ करून इस्त्री मार, तीच तुझी चिंचोक्याची, आणि चार कोपऱ्यांत बटर पेपरला चिकटव. मशीनला तो कागदच वाटतो. छापून वाळलं की पाण्यात टाक, कागद सुटतो.

एक मात्र ध्यानात ठेव. वर त्या सायझिंगवाल्यांनी सांगितलेलं इथेही लागू. दाट खळ केलीस तर शाई खळीवर बसेल. पातळ कर, नुसता कडकपणा येण्यापुरती.

हातानं छापणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गणपत कृष्णाजींनी शिळाछापाचं लाकडी यंत्र स्वतः घडवलं, शाई स्वतः बनवली आणि १८३१ मध्ये पंचांग छापून विकलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील पोथीला हात लावत नसत, त्यांनी तुपाची शाई केली. तू हिरडा कुटायला निघालीस ते वाचून मला त्यांचीच आठवण झाली.

उलटी_अक्षरं

काका, फेल्टच घातलं होतं. पुठ्ठा घालून आत्ता तीन प्रती काढल्या, ध हा ध दिसतोय. तुमचे पाय धरते.

पेठेतला

पुण्याहून. तुमच्याकडे ज्या चिंध्या उरतात त्यांचं काय करता? शंभर टक्के सुती असतील तर त्यांचा कागद होतो. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथे होजिअरीच्या सुती कातरणांचा लगदा करूनच कागद काढत आलेत. आमच्या कसब्यात एका भागाचं नाव अजून कागदीपुरा आहे आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तर आजही हातकागद बनतो. म्हणजे ज्या पातळांचं पान होणार नाही त्यांचं वेष्टन होऊ शकेल, पुस्तकाचं कव्हर तरी. फक्त टेरिकॉट वेगळं काढा, पॉलिस्टर लगद्यात विरघळत नाही, तंतू तरंगत राहतात. धागा जाळून बघा, सुती असेल तर राख होते, टेरिकॉटची गोळी होते.

चौकट_बिकट

मी गॅलरीत काम करतो, त्यामुळे जरा विरोधी सूर लावतो. हात लावू द्यायचा विचार छान आहे, पण आठ दिवसांत शे-दोनशे माणसं येतील, कुणाच्या हाताला भजीचं तेल असेल, कुणाच्या बॅगेची चेन अडकेल. विकत घेणारा माणूस नवी प्रत मागणार, आणि काचेत नसेल तर हे चित्र की दुपट्टा असा प्रश्न त्याला पडणार, किमतीत फरक पडतो. छापचित्रांना आपल्याकडे आधीच "ही कॉपी का?" असं विचारतात. त्यात तुम्ही आणखी अडचण वाढवताय. पुढे भोपाळच्या भारत भवनची प्रिंट बिनाले (छापचित्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन) वगैरे कुठे पाठवायचं मनात असेल तर तिथल्या अटी नीट वाचून घ्या, फ्रेमिंग, आकार, माध्यम सगळं लिहिलेलं असतं.

उलटी_अक्षरं

तुमचं म्हणणं बाजाराच्या बाजूनं बरोबर असेल, पण मी याच्यावर खूप विचार केलाय म्हणून सविस्तर लिहिते.

मी ज्या बायकांकडून पातळं आणली त्यांच्यातल्या एकीनं मला घडी हातात देताना आधी ती नाकाला लावली. मग म्हणाली, आता ह्याला कपाटाचाच वास येतो. दुसरीनं पदराचं टोक बोटात धरून बोलत बोलत चुरगाळलं, सगळा वेळ. ज्या गोष्टीशी माणसांचं नातं हातातून आहे ती मी काचेमागे टांगली तर मी तिच्यातला जीवच काढून घेतला. आणि त्या बायका स्वतः प्रदर्शनाला येणार आहेत. आपल्याच पातळाला हात लावू नका अशी पाटी मी त्यांना दाखवू? ते माझ्याकडून होणार नाही.

राहिला दुपट्ट्याचा प्रश्न. आजीच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. तो प्रेस १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथून ती चित्रं घराघरांत गेली. आमच्या लक्ष्मीला कुणीतरी खऱ्या कापडाची साडी लावली होती, काठाला जर, हारात टिकल्या. असं पुष्कळ घरांत करायचे. छापील चित्राला त्या बायकांनी कापड नेसवलं आणि ते चित्र त्यांचं झालं. त्यामुळे छाप आणि कापड यांची गाठ मी मारलेली नाही, ती आधीचीच आहे.

पण तेलकट हातांचं ऐकलं. पंचवीसपैकी पाच प्रती हाताळायला ठेवणार, वीस दुमडून पेटीत. टांगायच्या मोठ्या कापडांना वर आणि खाली बांबूची काठी, भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे मागून फिरता येईल आणि उलटी बाजू दिसेल. उलटी बाजू मला फार आवडते, तिथे चित्र ठशावर कोरलं होतं तसंच उलटं दिसतं.

गिरणगावचा

आवृत्तीच्या नंबराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आजोबा परळच्या गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तिथे ताग्यावर रंगीत तिकीट चिकटवायचे, देवादिकांची, वाघ-हत्तींची, बायकांची चित्रं, खाली गिरणीचं नाव. विलायती कापडावर पूर्वी तशी यायची, मग इथल्या गिरण्यांनीही छापून घेतली. आमच्याकडे एका जुन्या हिशेबाच्या वहीत आजोबांनी पंधरा-वीस चिकटवलेली आहेत, रंग अजून ताजे. ८२ च्या संपानंतर ती वही एवढीच काय ती गिरणीची खूण घरात राहिली.

तर तुम्ही प्रत्येक प्रतीला असं छोटं तिकीट का करत नाही? ठशानं छापायचं, नंबर आणि सही त्याच्यावर, आणि कापडाला टाक्यानं अडकवायचं. पेन्सिलची सही कापडावर टिकणारच नाही.

उलटी_अक्षरं

अहो, हे किती सुंदर सुचवलंत! पेन्सिल टिकत नाही म्हणून मी काठावर दोऱ्यानं नंबर भरत बसले होते, एका नंबराला अर्धा तास. तिकीटच करते. त्या वहीतल्या तिकिटांचे फोटो टाकता येतील का इथे?

गिरणगावचा

रविवारी गावी जातोय, वही तिकडे आहे. टाकतो.

जुनं_ते_जपू

तिकिटाला शाई पिगमेंटची वापरा, साध्या पेनाची धुण्यात जाईल. आणि गिरणगावचा, ती वही उघडताना पानं ओढू नका प्लीज. जुना गोंद ठिसूळ होतो, तिकिटं निखळतात.

फुलस्टॉप

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घेणार का? फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज आहे. पण १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाच्या प्रती चार ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवाव्या लागतात, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतलं एकेक. पंचवीसातल्या चार म्हणजे बऱ्याच झाल्या.

ट्रेडल७२

जाऊ देत की चार. आमच्या प्रेसनं छापलेल्या एका गावच्या उरुसाच्या स्मरणिकेची एकही प्रत आज कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही. तुझं पुस्तक कोलकात्याच्या कपाटात राहील तर ती चांगलीच गोष्ट आहे. आणि बांधणी कशी करणार ते लिहिलं नाहीस. जुजबंदी कर. चार-चार पानांचे चार जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, फितीवर शिवायचे, कणा मोकळा ठेवायचा. पिन मारलीस तर दुसऱ्या पावसाळ्यात गंजेल आणि तो गंज कापडात उतरेल.

उलटी_अक्षरं

काका, तुमचं ऐकलं. एकोणतीस प्रती करायच्या ठरवल्या, चार ग्रंथालयांना. फितीसाठी नव्या फिती आणायच्या नाहीत, पातळांचे काठ आहेत ना, तेच वापरणार. आईनं एक जुज शिवून दाखवला, तिचा टाका माझ्यापेक्षा कितीतरी सारखा पडतो, त्यामुळे शिवणीचं काम तिच्याकडे आणि आतल्या पानावर नाव तिचं पण छापायचं. खिळे जुळवून ठेवलेत, नाव वाचलं तिनं उलटं, लगेच वाचता आलं.

बाकी हिशेब असा. मांजरपाट दोन दिवस आंबवून दोनदा उकळला, आता थेंब टाकला की पसरतो. त्यावर शाईचा ठसा मारून वाळायला टाकलाय, आता हवा कोरडी आहे त्यामुळे पावसाळ्यापेक्षा लवकर वाळेल, मग धुऊन इथेच सांगीन. पुस्तकाच्या विरलेल्या पानांना फक्त तुरटीचा लाल. पहिला नमुना मंजिष्ठेत उकळला तो विटकरी आला, आमच्या बोअरच्या पाण्यात लोह असणार, आता नळाच्या पाण्यात करून बघते.

आणि बडोदेकरीण, तुमचा कस मी त्याच दिवशी घातला होता. दोन तुटके विळे, घोड्याचे तीन नाल, पाव किलो गूळ, तोंडाला फडकं बांधून पडवीच्या कोपऱ्यात. आज अठरावा दिवस. वर फेस आलाय, आंबूस वास येतोय, फडक्यावर जिथे थेंब उडाले तिथे गंजाचे डाग पडलेत. हिरड्यात बुडवलेली एक चिंधी त्यात टोकानं टेकवली तर टोक राखाडी झालं, आणि हे टाइप करेपर्यंत काळं झालंय.

बडोदेकरीण

मग तयार आहे. उद्या ऊन असेल तर सकाळीच गाळून घे, आणि खळ आज रात्री भिजत घाल.